फ्रीबीएसडी जेल: सर्व्हर सुरू होताना जेल आपोआप कसं चालू करायचं आणि कायमचं बंद कसं करायचं?

फोन रीस्टार्ट केला की काही ॲप्स आपण न उघडताच जागी होतात, हे तुम्ही पाहिलं असेलच. आपण ॲप बंद केलेलं असतं, पण रीस्टार्टनंतर त्याचं नोटिफिकेशन पुन्हा हजर! सर्व्हरवरही अगदी हेच घडतं. फरक इतकाच, की फोनवर ते त्रासदायक असतं आणि सर्व्हरवर ते महागात पडू शकतं. मला पडलं आहे. तो किस्सा पुढे सांगतोच.

या लेखात आपण फ्रीबीएसडी या युनिक्स सिस्टीममधली जेल बघणार आहोत: जेल म्हणजे काय, सर्व्हर सुरू होताना ती कशी सुरू होतात, आणि मुख्य म्हणजे ती नीट बंद कशी करायची.

एक सूचना आधीच देतो. कमांड आणि फाइलची नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये टाइप करताना ती इंग्रजी लहान अक्षरांत टाका. फक्त ‘येस’ आणि ‘नो’ कॅपिटलमध्ये लिहायची पद्धत आहे.

जेल म्हणजे नक्की काय?

नावावरून घाबरू नका, येरवड्याशी काही संबंध नाही.

समजा तुमच्याकडे एकच सर्व्हर आहे आणि त्यावर तुम्हाला वेबसाइट, डेटाबेस आणि मेल अशी तीन कामं चालवायची आहेत. तिन्ही एकाच जागी ठेवली आणि वेबसाइटमधल्या एखाद्या चुकीतून कोणी आत शिरलं, तर डेटाबेस आणि मेलही त्याच्या हातात गेले. म्हणून तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवायचं. प्रत्येक खोलीला स्वतःच्या फाइल्स, स्वतःचं नाव, स्वतःचा आयपी पत्ता आणि स्वतःचा रूट युझर. या खोलीतल्या रूटला शेजारच्या खोलीतलं काही दिसत नाही. या खोलीलाच फ्रीबीएसडीमध्ये जेल म्हणतात, आणि ज्या मूळ सिस्टीमवर ही जेल चालतात तिला होस्ट.

चाळ डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक बिऱ्हाडाचं दार वेगळं, पण पाया आणि पाण्याची टाकी सगळ्यांची एकच. जेलमध्ये हा पाया म्हणजे कर्नल. सगळी जेल होस्टचाच कर्नल वापरतात, म्हणून ती हलकी असतात आणि पटकन सुरू होतात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे वेगळा बंगला: पाया वेगळा आणि खर्चही वेगळा.

एका पायाचे दोन परिणाम लक्षात ठेवा. कर्नल कोसळला तर सगळी जेल एकदम जातात. आणि जेलमधली फ्रीबीएसडीची आवृत्ती होस्टच्या कर्नलपेक्षा नवी असून चालत नाही. जुनी चालते.

थोडा इतिहास

1979 मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रामला ठरावीक फोल्डरच सगळं जग आहे असं भासवता येतं. पण ती फक्त फाइल्सपुरती होती. नेटवर्क, बाकीचे प्रोग्राम आणि रूटचे अधिकार तसेच मोकळे राहायचे.

पुढे पॉल-हेनिंग काम्प या डॅनिश प्रोग्रामरने जेल तयार केलं आणि 2000 साली फ्रीबीएसडी 4.0 सोबत ते सगळ्यांना मिळालं. सोलारिसमधले झोन्स 2005 मध्ये सोलारिस 10 सोबत आले, लिनक्सवरचं एलएक्ससी 2008 मध्ये आणि आज सगळ्यांच्या तोंडी असलेलं डॉकर 2013 मध्ये. म्हणजे कंटेनर ही काही कालपरवाची गोष्ट नाही.

तुमच्या हातातला अँड्रॉइड फोनही याच विचारावर चालतो. प्रत्येक ॲपला लिनक्सचा वेगळा युझर आयडी मिळतो, म्हणून एका ॲपला दुसऱ्याच्या फाइल्स सहज वाचता येत नाहीत. आणि फ्रीबीएसडी म्हणाल, तर नेटफ्लिक्सचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर त्यावर चालतात. व्हॉट्सॲपचे सुरुवातीचे सर्व्हरही त्यावरच होते.

सुरुवातीला लागणाऱ्या दोन फाइल्स

जेलचा सगळा कारभार दोन फाइल्समध्ये आहे. इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

1. /ईटीसी/जेल.कॉन्फ: कोणती जेल आहेत आणि ती कशी आहेत. हे बिऱ्हाडांचं रजिस्टर समजा. ही फाइल फ्रीबीएसडी 9.1 पासून आहे.
2. /ईटीसी/आरसी.कॉन्फ: सिस्टीम सुरू होताना त्यातली कोणती उठवायची. ही सकाळी हाक मारायची यादी.

रजिस्टरमध्ये नाव असणं आणि यादीत नाव असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे एक वाक्य पक्कं झालं की अर्धा लेख कळला.

जेलसाठी लागणारी मूळ फाइल्सची प्रत ‘बीएसडीइन्स्टॉल जेल /जेल/वेब’ या कमांडने तयार होते. ‘/जेल/वेब’ हे फोल्डर मी उदाहरण म्हणून घेतलंय, तुम्ही कोणतंही घ्या. त्यानंतर जेल.कॉन्फमध्ये साधारण अशी नोंद करायची:

वेब {
  होस्ट.होस्टनेम = "वेब.लोकल";
  पाथ = "/जेल/वेब";
  आयपी4.ॲडर = 192.168.1.151;
  इंटरफेस = ईएम0;
  एक्झेक.स्टार्ट = "/बिन/एसएच /ईटीसी/आरसी";
  एक्झेक.स्टॉप = "/बिन/एसएच /ईटीसी/आरसी.शटडाउन";
  एक्झेक.क्लीन;
  माउंट.डेव्हएफएस;
}

(‘ॲडर’ म्हणजे ए-डी-डी-आर आणि ‘एक्झेक’ म्हणजे ई-एक्स-ई-सी.) ‘ईएम0’ च्या जागी तुमच्या मशीनच्या नेटवर्क कार्डचं नाव येईल. स्टार्टची ओळ जेल सुरू होताना काय चालवायचं ते सांगते आणि स्टॉपची ओळ बंद होताना काय करायचं ते. स्टॉपची ओळ विसरलात, तर डेटाबेससारखा प्रोग्राम नीट आवरून न घेताच मारला जाऊ शकतो.

अजून एक. होस्टवरचं एसएसएच आधीपासून सगळ्या आयपी पत्त्यांवर कान लावून बसलेलं असतं, जेलला दिलेल्या पत्त्यावरसुद्धा. मग तुम्ही जेलमध्ये लॉगिन करतोय असं समजता आणि पोचता होस्टमध्येच! म्हणून एसएसएचच्या सेटिंगमध्ये ‘लिसनॲड्रेस’ला होस्टचा स्वतःचा पत्ता देऊन टाका.

सर्व्हर सुरू होताना जेल आपोआप चालू कसं करायचं?

आरसी.कॉन्फमध्ये या दोन ओळी लागतात:

जेल_इनेबल="येस"
जेल_लिस्ट="डेटा वेब"

पहिली ओळ हा मेन स्विच आहे. तिची मूळ किंमत ‘नो’ असते, म्हणजे आपण सांगितल्याशिवाय एकही जेल उठत नाही. दुसरी ओळ ही हाक मारायची यादी. नावांमध्ये स्वल्पविराम नाही, फक्त स्पेस. यादीत ज्या क्रमाने नावं, त्याच क्रमाने जेल सुरू होतात, म्हणून डेटाबेस आधी आणि वेबसाइट नंतर.

फाइल हाताने उघडून बदलण्यापेक्षा ‘सिसआरसी’ ही कमांड वापरा. एखादं अवतरणचिन्ह चुकून राहण्याची भीती नाही.

• मेन स्विच चालू करायला: सिसआरसी जेल_इनेबल="येस"
• यादीत नाव घालायला: सिसआरसी जेल_लिस्ट+="वेब"
• यादीतून नाव काढायला: सिसआरसी जेल_लिस्ट-="वेब"

आणखी दोन सेटिंग्ज उपयोगी आहेत. ‘जेल_पॅरलल_स्टार्ट’ला येस केलं तर सगळी जेल एकदम, मागच्या बाजूला सुरू होतात. बूट लवकर होतं, पण क्रमाची खात्री राहत नाही. ‘जेल_रिव्हर्स_स्टॉप’ला येस केलं तर बंद होताना उलटा क्रम लागतो: आधी वेबसाइट, मग डेटाबेस. माझं मत विचाराल तर पहिलं नको, दुसरं हवं.

आता सुरू करा: सर्व्हिस जेल स्टार्ट वेब. काय काय चालू आहे ते बघायला ‘जेएलएस’, आणि आत जायला ‘जेएक्झेक वेब /बिन/एसएच’.

जेल बंद करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

‘बंद करणं’ या एका शब्दात तीन वेगळी कामं लपलेली आहेत:

1. आत्ता थांबवणं. सर्व्हिस जेल स्टॉप वेब. जेल थांबतं, पण यादी तशीच राहते. पुढच्या रीबूटला ते पुन्हा उठेल.
2. पुढच्या वेळी उठू न देणं. हे आरसी.कॉन्फ आणि जेल.कॉन्फमध्ये होतं. पण आत्ता चालू असलेल्या जेलला त्याने काहीच होत नाही.
3. काढूनच टाकणं. नोंद आणि फाइल्स दोन्ही जातात.

पहिलं आणि दुसरं, दोन्ही करावं लागतं. एक करून दुसरं विसरणं ही सगळ्यात कॉमन चूक आहे. आणि मी केलेली चूक तिच्यापेक्षा एक पायरी पुढची होती.

माझा किस्सा

नोकरीचं दुसरं वर्ष. आमच्याकडे एका कोचिंग क्लासचं काम होतं. जुन्या सर्व्हरवर तीन जेल होती: डेटा, वेब आणि स्मरण. स्मरणचं काम एकच, ज्यांची फी बाकी आहे त्यांच्या पालकांना रोज सकाळी एसएमएस पाठवणं.

आम्ही सगळं नवीन सर्व्हरवर हलवत होतो. मी रोज एक जेल नवीन मशीनवर न्यायचो, जुन्यावरचं थांबवायचो आणि यादीतून त्याचं नाव काढायचो. तिसऱ्या दिवशी शेवटचं नाव काढलं. यादी रिकामी झाली, जेएलएसमध्ये काही दिसेना. मी खूश. काही अडलं तर असावा म्हणून जुना सर्व्हर तसाच चालू ठेवला.

तीन आठवड्यांनी रात्री वीज गेली, यूपीएस संपला आणि पहाटे वीज आल्यावर जुना सर्व्हर सुरू झाला. त्याबरोबर तिन्ही जेल उठली, तीन आठवड्यांपूर्वीच्या डेटासकट. ठरल्या वेळी स्मरणने आपलं काम चोख केलं. मधल्या काळात ज्यांनी फी भरली होती, त्यांनाही एसएमएस गेला: आपल्या पाल्याची फी थकली आहे, आज न भरल्यास प्रवेश रद्द होईल.

दिवसभर मी आणि माझे सीनियर फोन लावत बसलो. एक बाई मला म्हणाल्या, “दादा, मागच्या आठवड्यात भरली ना मी. पावती आहे माझ्याकडे. आता परत कुठून आणू?” त्यांचा आवाज रागाचा नव्हता, घाबरलेला होता. मी सॉरी म्हटलं, पैसे पोचलेत, काळजी करू नका म्हटलं. फोन ठेवल्यावर सीनियर मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी मॅन्युअल उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलेलं होतं: जेल_लिस्ट रिकामी असेल, तर जेल.कॉन्फमधली सगळी जेल सुरू होतात.

परत एकदा वाचा. रिकामी यादी म्हणजे ‘कोणालाच उठवू नको’ असं नाही, तर ‘सगळ्यांना उठव’. मेन स्विच येस, यादी रिकामी, म्हणजे अख्खी चाळ जागी. एक नाव जरी यादीत उरलं असतं, तरी फक्त तेच उठलं असतं. शेवटचं नाव काढल्यावर अर्थच उलटा झाला.

मग योग्य पद्धत कोणती?

*एकच जेल बंद करायचं असेल, बाकीची चालू ठेवायची असतील तर:*

1. सर्व्हिस जेल स्टॉप स्मरण
2. सिसआरसी जेल_लिस्ट-="स्मरण"
3. यादी तपासा: सिसआरसी जेल_लिस्ट. त्यात किमान एक नाव दिसलंच पाहिजे.
4. जेल.कॉन्फमधली त्याची पूर्ण नोंद कॉमेंट करा. सुरुवातीला /* आणि शेवटी */ टाकलं की झालं. ओळींपुढे # टाकलं तरी चालतं.

चौथी पायरी सोडू नका. यादीचं काही का होईना, रजिस्टरमध्येच नोंद नसेल तर जेल उठणार कुठून?

*सगळीच जेल बंद करायची असतील तर:*

1. सर्व्हिस जेल स्टॉप
2. सिसआरसी जेल_इनेबल="नो"

यातला क्रम महत्त्वाचा आहे. आधी मेन स्विच नो केला आणि मग स्टॉप म्हटलं, तर सिस्टीम म्हणते की ही सर्व्हिस चालूच केलेली नाही, मी थांबवणार नाही. आणि जेल आत मजेत चालत राहतात! असं झालं तर स्टॉपऐवजी ‘वनस्टॉप’ वापरा: सर्व्हिस जेल वनस्टॉप. तसंच मेन स्विच नो असताना एखादं जेल तेवढ्यापुरतं चालवायचं असेल तर ‘वनस्टार्ट’.

अजून एक सापळा: डिपेंड

जेल.कॉन्फमध्ये वेबच्या नोंदीत ‘डिपेंड = "डेटा";’ अशी ओळ घालता येते. म्हणजे वेबच्या आधी डेटा चालू असायला हवा. सोय चांगली आहे. पण समजा तुम्ही डेटाचं नाव यादीतून काढलं आणि वेबचं ठेवलं. बूटला वेब उठताना डिपेंडची ओळ वाचली जाते आणि डेटाला आधी उठवलं जातं, यादीत नाव असो वा नसो. उलट बाजूनेही तसंच. डेटा थांबवायला गेलात तर त्यावर अवलंबून असलेलं वेब आधी थांबतं. म्हणून कोणतंही जेल बंद करण्याआधी जेल.कॉन्फमध्ये त्याचं नाव शोधा, दुसरं कोणी त्यावर अवलंबून आहे का ते बघा.

जेल पूर्ण काढून टाकताना

जेल थांबवल्यावर ‘माउंट’ कमांड चालवून बघा. जेलच्या फोल्डरखाली अजून काही जोडलेलं दिसत असेल तर ते आधी ‘यूमाउंट’ करा. होस्टचं एखादं फोल्डर जेलमध्ये जोडलेलं असेल आणि तुम्ही तसंच सगळं डिलीट केलं, तर होस्टचाच डेटा उडेल.

त्यानंतर डिलीट करताना ‘परवानगी नाही’ असा एरर येऊ शकतो, तोही रूट असताना. कारण सिस्टीमच्या काही फाइल्सवर ‘बदलू नये’ असा फ्लॅग असतो. तो आधी काढायचा: सीएचफ्लॅग्स -आर 0 /जेल/स्मरण (यातला ‘आर’ कॅपिटल). मग नेहमीसारखं डिलीट करा. पाथ दोनदा वाचा, मगच एंटर दाबा.

लिनक्स आणि डॉकरवाल्यांसाठी

तुमच्याकडे फ्रीबीएसडी नसेल तरी हाच धडा लागू आहे.

• सिस्टमडी: ‘स्टॉप’ म्हणजे आत्ता थांबव, ‘डिसेबल’ म्हणजे बूटला उठवू नको. डिसेबल केलेली सर्व्हिससुद्धा दुसऱ्या सर्व्हिसला लागली तर उठू शकते. अजिबात नकोच असेल तर ‘मास्क’.
• डॉकर: रीस्टार्ट पॉलिसी ‘ऑलवेज’ असेल, तर तुम्ही हाताने थांबवलेला कंटेनरही डॉकर पुन्हा सुरू झाल्यावर उठतो. ‘अनलेस-स्टॉप्ड’ असेल तर थांबवलेला थांबलेलाच राहतो.
• एलएक्ससी: कंटेनरच्या कॉन्फिग फाइलमध्ये ‘एलएक्ससी.स्टार्ट.ऑटो’ला 0 द्या.

नेहमी पडणारे प्रश्न

*जेल माझ्या फोनवर चालेल का?*
नाही. अँड्रॉइडचा कर्नल लिनक्सचा आहे. पण लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्समध्ये फ्रीबीएसडी टाका आणि त्याच वायफायवरून फोनवरच्या टर्मक्समधून एसएसएचने आत जा. सराव करायला एवढं पुरतं. फ्रीबीएसडी फुकट आहे.

*जेल थांबवलं, पण त्याच नावाने पुन्हा सुरू करताना अडतंय. का?*
कधी कधी एखादं जुनं नेटवर्क कनेक्शन संपेपर्यंत जेल अर्धवट उरतं. ‘जेएलएस -डी’ केलं की अशी उरलेली जेलही दिसतात. थोडा वेळ थांबा.

*बंद झालं याची खात्री कशी करायची?*
रीबूट करून. याला दुसरा पर्याय नाही. ‘जेएलएस’मध्ये आत्ता काही दिसत नाही, याचा अर्थ आत्ता काही चालू नाही, एवढाच. उद्या काय होईल ते फक्त रीबूटच सांगतो. तुम्ही जागे असताना, दुपारी, चहा हातात असताना रीबूट करा. नाहीतर तो पहाटे कधीतरी होईलच, आणि तेव्हा तुम्ही झोपलेले असाल.

मी आता कोणतंही जेल बंद केलं की आणखी एक काम करतो. त्यात बाहेर काही पाठवणारं असेल, मग तो एसएमएस असो, मेल असो किंवा पेमेंट, तर आत जाऊन त्याचं क्रॉनचं काम काढतो आणि पाठवायचा पासवर्डही बदलतो. म्हणजे चुकून उठलंच, तरी त्याच्या हातात काही नसेल. पाच मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी फोनवर आम्ही जितका वेळ घालवला, त्यापुढे काहीच नाही.